सबराचा बाब

एप्रिल लागला की वर्ध्यात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात. जुन्या ताट्या फेकल्या जातात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, आणि संध्याकाळी आमच्या नालवाडीच्या गल्लीतून चालत गेलं की खिडकीखिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येतो. लोकांना तो फार आवडतो. शाळेतल्या माझ्या एक सहकारी तर त्या वासावर कविता करायच्याच काय त्या बाकी आहेत. मला मात्र तो वास आला की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं. माझ्या घरच्या कूलरला मी वाळा लावत नाही. कुणी विचारलं तर वाळ्यानं सर्दी होते म्हणते.

एका उन्हाळ्यात मी हा वास इतका घेतला की जन्मभर पुरेल. तो उन्हाळा मी देवळीच्या दोन खोल्यांच्या घरात काढला, आणि काढला म्हणजे अक्षरशः ओढून काढला. मार्च सरता सरता इर्शाद गेला, माझा नवरा. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी जेवायला घरी आला, हात धुतले, छातीत जळजळतंय म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. मी पाणी आणायला आत गेले. एवढंच. एवढ्यात माणूस जातो हे मला आजही पटत नाही आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नवरा गेला की आमच्यात बाईनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. नवऱ्याच्याच घरी राहायचं, नटायचं नाही, बाहेर जायचं नाही. हे झालं शास्त्र. मोहल्ल्याचं शास्त्र त्याच्या दोन पावलं पुढं असतं. खिडकीशी उभं राहायचं नाही, अंगणात उन्हाचं वाळवण घालायचं नाही, परक्या पुरुषाचा आवाजही कानावर पडू द्यायचा नाही. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण समोरच्या घरातल्या खालांना, म्हणजे मोहल्ल्याच्या मावशींना, ते सगळं पाठ होतं. त्यांचा पलंग आमच्या दाराच्या बरोबर समोर असायचा आणि त्यांना दुपारी झोप कधी लागत नसे.

घरात आम्ही दोघंच उरलो. मी आणि माझे सासरे, अब्बा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. अब्बा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या भागात त्यांची ओळख वेगळीच होती: फारसी येणारा कंडक्टर. लहानपणी मदरशात एका उस्तादांनी त्यांना फारसी शिकवली आणि जाताना एक पुस्तक दिलं. ते पुस्तक त्यांनी नोकरीभर तिकिटांच्या चामडी पिशवीत बाळगलं. मुक्कामाच्या गाडीत, गाडी बिघडून रस्त्यात उभी असताना, डेपोत चहा पिताना ते वाचत. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली काही पानं कधीच गळून गेलेली, त्यामुळे नाव काय आणि लिहिणारा कोण ते अब्बांनाही ठाऊक नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. ते म्हणत, गाडीत बसताना ड्रायव्हरचं नाव कोण विचारतं.

पुस्तक होतं नीतीचं. चांगलं कसं वागावं याचं. पण मोठ्या पंडितांसाठी लिहिलेलं नव्हे. कापडवाला, खाटीक, पखालवाला, मजूर, अशा माणसांसाठी ते लिहिलेलं होतं. त्यात एकेक बाब होता, बाब म्हणजे प्रकरण. शेजाऱ्याचा हक, पाहुण्याचा हक, तोलमापातला खरेपणा, राग आला तर काय करावं, जेवताना कुणाच्या ताटाकडे बघू नये, जनावरावर किती ओझं लादावं. प्रत्येक बाबात आधी थोडा उपदेश आणि मग गोष्टी. शेकडो वर्षांपूर्वी कुठल्या तरी इराणी शहरात बसून कुणी तरी बाजारातल्या माणसांची एवढी काळजी केली याचं मला आधी खरंच कौतुक वाटायचं.

आधी. कारण इद्दतीत अब्बांनी मला त्यातला एकच बाब वाचून दाखवायला घेतला. सबराचा, म्हणजे सबुरीचा.

दुपारची नमाज झाली, जेवणं झाली, की अब्बा पुढच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात बसत. मी आतल्या खोलीच्या दाराशी. आणि तिसरी वंदनाबाई. वंदनाबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, बुद्धविहारातल्या कार्यक्रमांना पुढं असणारी, एरवी शेतात मजुरीला जाणारी. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, म्हणून ती तुरीची डाळ निवडायला घेऊन आमच्याकडे येई. बाहेरचं जग त्या चार महिन्यांत मला तिच्या तोंडून कळे. ती बसलेली असे म्हणून अब्बा फारसीतून थेट वऱ्हाडीत उतरवत. हा प्रकार ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. आधी ते फारसी वाक्य गाण्यासारखं म्हणत आणि मग गाडीत घंटी मारून आवाज द्यावा तसं सांगत, "म्हंजे असं हाये का..."

एक गोष्ट ते फार वाचत. एका बाजारात एक कापडवाला होता. त्याचा माल दूरदेशाहून उंटांवरून यायचा. एके साली काफिला आलाच नाही. तरी हा माणूस रोज दुकान उघडे, रिकाम्या फळ्या पुसे, गिऱ्हाइकाला बसवून पाणी देई. लोक हसायचे. तो म्हणे, दुकान उघडणं हा दुकानाचा हक आहे.

"मंग आला का माल?" वंदनाबाईनं डाळीतला खडा फेकत विचारलं.

"ते पुस्तकात नाई लिव्हलं," अब्बा म्हणाले.

"असं कसं पुस्तक बाप्पा. माणूस ऐकून राह्यला तं शेवट तं सांगा लागते ना."

अब्बा हसले. मी हसले नाही. मी विचारलं, "अन् त्याच्या घरी चूल कोण पेटवत होतं, ते लिव्हलं हाये का?"

अब्बांनी पान उलटलं. तेही पुस्तकात नव्हतं.

हा बाब काही मोठा नव्हता. आठवड्याभरात संपायचा. मला वाटायचं आता पुढचा येईल, पाहुण्यांचा येईल, निदान जनावरांचा तरी येईल. पण संपला की अब्बा बोटाला थुंकी लावून पानं मागं उलटत आणि पुन्हा सबराच्या पहिल्या ओळीवर येत. मग पुन्हा तो कापडवाला, पुन्हा त्या रिकाम्या फळ्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, दाराला गोणपाट लावलेलं, आत तो ओला वास, आणि तोच बाब. एखाद्या दिवशी मला वाटे की आपण उठावं आणि गोणपाट फाडून उन्हात जाऊन उभं राहावं, लू लागली तर लागू दे.

तेव्हा बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली आणि ती अजून माझ्या मनातून गेली नाही. असली पुस्तकं साध्या माणसासाठी लिहिलेली असतात हे खरं, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा साधा माणूस सकाळी दार उघडून बाहेर पडणारा असतो. त्याला बाजार असतो, रस्ता असतो, शेजारी असतात, म्हणून त्याच्यासाठी इतके बाब. जी दाराच्या आत बसलेली आहे ती काय तोलणार, कुणाला वाट देणार, कुठल्या जनावरावर ओझं लादणार? तिच्या वाट्याला एकच बाब उरतो. आणि मराठीतली, संस्कृतातली, आणखी कुठली पुस्तकं काढून बघितली तरी यात फार फरक पडेल असं मला वाटत नाही. मी मराठीची शिक्षिका आहे, थोडंफार वाचलेलं आहे.

मे महिन्यात कूलरचा पंप बंद पडला. एवढ्या उन्हात पंप बंद म्हणजे कूलर नुसता भट्टीची हवा फेकणार. मिस्त्री दारापर्यंत आला, पण समोरून खालांचा आवाज आला, "अरे, अंदर इद्दतवाली है." तो बिचारा जागीच थबकला. मग जी दुरुस्ती झाली ती अशी: मिस्त्री बाहेर रस्त्यावर उभा, अब्बा उंबऱ्यावर, आणि कूलरपाशी पदर खोचून वंदनाबाई. मिस्त्री सांगे, अब्बा पुढं ढकलत, वंदनाबाई करे. मला तर आतल्या खोलीत कोंडलेलं. वंदनाबाईला एक झटका बसला, तिनं मिस्त्रीच्या खानदानाचा उद्धार केला, आणि पंप काही चालू झाला नाही. दोन दिवस आम्ही चादरी भिजवून दारांना टांगल्या. शेवटी अब्बांनी कूलर ओढत रस्त्यावर नेला आणि तिथं दुरुस्त करून घेतला. ओल्या चादरीआड बसून मी हसत होते आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. इर्शादच्या दुकानात असले पंप त्यानं किती तरी वेळा शेजारधर्म म्हणून नीट करून दिले होते.

तालुक्यातल्याच एका गावच्या शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितकंच तुमचं अस्तित्व. शाळा उघडेल त्या दिवशी हजर नसलं तर ते तास दुसऱ्या कुणाला तरी जातात आणि मग वर्षभर गेलेच. जूनच्या मध्यावर मुख्याध्यापकांचा फोन आला. माणूस चांगला होता. म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख समजतं. पण शाळा उघडली की मी तुमचे तास दोन-चार दिवसांच्या वर राखून ठेवू शकत नाही. एक उमेदवार रोज येऊन बसतो." माझी इद्दत संपायला अजून महिन्याहून जास्त वेळ होता. ती नोकरी गेली असती तर मी काय झाले असते ते मला लख्ख दिसत होतं. माझा भाऊ तळेगावहून येऊन मला माहेरी घेऊन गेला असता, आणि तिथल्या मागच्या खोलीत मी कुणाची तरी विधवा बहीण, कुणाची तरी आत्या म्हणून भाज्या निवडत बसले असते. वाईट कुणीच वागलं नसतं. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

फोन अब्बांनी ऐकला होता. मी म्हटलं, "अब्बा, मले शाळेत जायचं हाये."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. कापडवाल्यानं फळी पुसायला घेतली आणि माझा तोल गेला.

"हा बाब तुम्ही माह्यासाठी वाचून राह्यले का सोतासाठी?"

अब्बांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि फडताळात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी वाचन झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं वाचन थांबलं तर श्वास घेता येईल. पण दुपारी त्या घरात नुसता कूलर घरघरत असे आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत बसून असू. अब्बा भिंतीकडे बघत. इर्शाद जिथं टेकून बसला होता तीच ती भिंत. मुलगा गेल्यापासून ते माझ्यासमोर एकदाही रडले नव्हते, त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. जे बोलायचं ते त्या पुस्तकातून बोलत होते आणि मी तेच बंद करून टाकलं होतं.

"काऊन जी बाबाजी, पोथी काऊन बंद?" वंदनाबाईनं विचारलं.

"ऐकनारी थकली," ते म्हणाले.

हा माणूस कसा होता ते सांगितलं पाहिजे. सगळ्या पुस्तकात त्यांचा जीव कशात असेल तर खरेपणाच्या बाबात. गाडीत स्वतःच्या मेहुण्याला तिकीट काढायला लावलं म्हणून सासूबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला होता. इर्शादला एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन टाळायचा असला आणि त्यानं हातानं खुणावलं, की नाही म्हणून सांगा, तर अब्बा फोनमध्ये सांगत, "हाये ना घरी. पन बोलत नाई म्हंते." इर्शाद डोक्याला हात लावी. घरात त्यांच्यासमोर खोटं बोलणं म्हणजे चपलांनी जेवणाच्या दस्तरखानावर चालणं.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले. पावसानं ओढ दिली होती, उकाडा तसाच होता.

"मौलवीसाहेबांले इचारलं मी," ते म्हणाले. "पोटापान्यासाठी दिवसा जाता येते. रात्री घरी यायचं. मनाई नाई."

"मंग?"

"धर्माचा मसला येगळा, मोहल्ला येगळा. त्या समोरच्या बाईच्या तोंडाले कोन लागन? उद्या तुह्यावर एक बोट उठलं तं जनमभर राहीन." त्यांनी आतल्या खुंटीकडे बोट केलं. "मांगच्या दारानं जाजो. सायराचा बुरखा हाये खुंटीले."

सायरा माझी नणंद. मी आयुष्यात कधी बुरखा घातला नव्हता, डोक्यावर ओढणी घेई तेवढंच. आता बाहेर पडायचं तर त्यात शिरायचं. मला भयंकर संताप आला. परवानगी असून चोरासारखं जायचं? मी काय कुणाचं चोरलं होतं? पण दुसरं दार नव्हतं. सकाळी लवकर मी बुरखा घातला, मागच्या दारानं कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआडून, नाल्याच्या कडेनं हायवेला लागले आणि बस पकडली. देवळी मागं पडल्यावर चेहऱ्यावरून कापड वर केलं. खिडकीतून गरम वारा आला. तो वारा मी तोंड उघडून प्याले म्हटलं तरी चालेल.

शाळेत त्या दिवशी काही विशेष झालं नाही. हजेरीवर सही केली. आठवीच्या वर्गात शिरले तर मुलं उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली, ओरडून, बेसूर. मी फळ्यावर तारीख लिहिली. खडूची भुकटी बोटांवर आली आणि मला वाटलं, मी आहे. मी अजून आहे. मधल्या सुट्टीत मात्र मी डबा उघडून तसाच मिटून ठेवला. घरी त्या भिंतीसमोर तो म्हातारा एकटा बसला असेल, दुपारी कुणापुढं काय वाचेल, हे डोक्यातून जाईना. सुटले मी, आणि त्यांना आत ठेवून आले, असं सारखं वाटत राहिलं.

संध्याकाळी आले तशीच मागच्या दारानं आत शिरले. बुरखा काढून खुंटीला लावते न लावते तोच पुढच्या दारातून वंदनाबाई वाटी घेऊन आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिला सांगणं म्हणजे विहारापर्यंत पोचवणं.

"अवं, आज दिसभर दिसली नाई तू. अन् मले बी बोलावलं नाई," ती जरा रुसून म्हणाली. "मी दोनदा दारावर थाप मारली, तं बाबाजी आतूनच म्हने, 'वाचन चालू हाये, मांगून येजो.' सकाळपासून वाचूनच राह्यले तुले. किती मोठ्यानं व! त्या समोरच्या खालाबी म्हने, बाई नशीबवान हाये, सासरा पोरीसारखा जवळ बसवून वाचून दाखवते."

मी पुढच्या खोलीत गेले. अब्बा खिडकीला लागून बसले होते, रस्त्याकडच्या खिडकीला, जिथं ते कधीच बसत नसत. कूलर बंद होता, त्याच्या घरघरीत आवाज बाहेर गेला नसता म्हणून बंद केलेला. कुडता घामानं पाठीला चिकटलेला. पुस्तक मांडीवर, शेवटच्या पानांवर उघडं. सगळे बाब झाले होते.

"अब्बा," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. घसा पार बसला होता. हातानंच त्यांनी विचारलं, तास मिळाले? मी मान हलवली. तेव्हा ते रडले. माझ्यासमोर, पहिल्यांदा, आवाजाशिवाय.

इद्दत संपायला महिन्याहून जास्त दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं निघाले तेव्हा ते मोरीपाशी उभे राहून मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करत होते.